पहिली धार

मराठी माणसाला एखाद्या गोष्टीच्या अस्सलपणाची ग्वाही द्यायची झाली, मग ती गोष्ट सभेतले भाषण असो, ठेवणीतली शिवी असो की लावणीची बैठक असो, तो डोळे किंचित बारीक करून ‘पहिल्या धारेची’ असे म्हणतो. आणि हा वाक्प्रचार ज्या भट्टीवरून आपल्या भाषेत उतरला, तिच्या वाऱ्यालाही कधी उभी न राहिलेली सोवळ्यातली मंडळीसुद्धा तो बिनदिक्कत वापरतात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, पहिली पाळी सुटण्याच्या सुमारास, रोहा-कोलाड रस्त्याच्या कडेला एका चहाच्या टपरीवर बसून मी हा शब्दप्रयोग सहज केला, तेव्हा ज्यांची अवघी हयात रासायनिक कारखान्यांतल्या कॉलमच्या पायथ्याशी पाळ्या करण्यात गेली होती असे माझ्या समोरचे गृहस्थ कपातला चहा बशीत ओतता ओतता थांबले. “पहिली धार?” ते म्हणाले. “अहो साहेब, ती आम्ही वेगळ्या पिंपात काढायचो. मालात जाऊ द्यायची नाही.”

व्हिस्कीच्या शोधात धाटावास कोणी येत नाही. मीही आलो होतो तो वेगळ्या जिज्ञासेने. लहान घाण्याची, म्हणजे तांब्याच्या भांड्यात थोडी थोडी करून गाळलेली व्हिस्की घशाखाली उतरताना सौम्य का लागते, आणि तीच मूळ क्रिया करून गाळलेली आपली गावठी दारू घसा सोलून का जाते, या प्रश्नाचे उत्तर मला मद्यपारख्यांच्या विशेषणांतून नको होते. ज्याने द्रव तापवून, त्याची वाफ करून, ती वाफ पुन्हा थंड करून पोट भरले आहे, अशा माणसाकडून ते हवे होते. आणि असा माणूस शोधायला कुलाबा जिल्ह्यात, ज्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो, धाटावहून सोयीची जागा नाही. कुंडलिकेच्या काठची ही वसाहत रात्री दुरून पाहिली की उंच स्तंभांवर टांगलेल्या दिव्यांमुळे एखाद्या बंदराचा भास होतो. त्या स्तंभांत आत काय चालते ते रोह्याच्या बाजारात कोणाला विचाराल तर ‘केमिकल’ या एका शब्दापलीकडे उत्तर मिळणार नाही. पण बहुतेक ठिकाणी चालते ते ऊर्ध्वपातन, आणि ऊर्ध्वपातन म्हणजे दारू गाळण्याचीच क्रिया, फक्त तिथे प्याला नसतो.

काकांनी (मी त्यांना तेवढ्या वेळात काका म्हणू लागलो होतो, आणि त्यांनी ‘साहेब’ सोडून मला ‘भाऊ’ म्हणायला सुरुवात केली होती) टपरीच्या बाकावर बोटाने चहाच्या थेंबांची रेघ ओढून मला कॉलम समजावून दिला. खाली मिश्रण उकळणारा रिबॉयलर, वर वाफ थंड करणारा कंडेन्सर. मिश्रण उकळू लागले की माल लगेच काढायचा नाही. आरंभी वरून उतरणारा सगळा द्रव पुन्हा आत सोडायचा, याला ते ‘टोटल रिफ्लक्स’ म्हणतात. असे घटका-दोन घटका चालले की जे हलके, चंचल, लवकर उडणारे आहे ते आपोआप माथ्याशी गोळा होते. मग माथ्याचे तापमान पाहत ते सावकाश काढून घ्यायचे. हा पहिला कट. तापमान स्थिर झाले की मुख्य कट. ते पुन्हा चढू लागले की थांबायचे, कारण आता जड माल वर सरकू लागला. “नवा पोरगा घाई करतो,” काका म्हणाले. “रिफ्लक्स कमी करून माल भराभर ओढतो. शिफ्ट संपायच्या आत बॅच उतरली की झालं. मग लॅबवाला बोंबलतो.”

स्कॉटलंडातल्या एखाद्या भट्टीवाल्याने हे ऐकले असते तर त्याने काकांना तत्काळ नोकरीस ठेवून घेतले असते.

धान्याचे वा फुलांचे आंबवण किण्व टाकून तयार झाले की त्यात मद्यार्क एकटा नसतो. किण्वाने साखर खाल्ली की मद्यार्काबरोबर शेकडो सोयरेधायरे जन्मास येतात. अ‍ॅसिटाल्डिहाइड हे २० अंशांच्या आसपासच उकळते, आणि कच्च्या हिरव्या सफरचंदासारख्या त्याच्या उग्र वासाने डोळ्यांत पाणी आणते. इथाइल अ‍ॅसिटेट ७७ अंशांवर उकळते आणि त्याचा वास नखे रंगवण्याच्या द्रवासारखा येतो. खुद्द मद्यार्क ७८.४ अंशांवर, आणि शेवटास फ्यूजेल तेल म्हणून ओळखली जाणारी जड अल्कोहोले, ज्यांपैकी आयसोअमाइल अल्कोहोल १३१ अंशांवर उकळते. मिश्रणात हे सारे उत्कलनबिंदू कागदावरच्या इतके आज्ञाधारक राहत नाहीत, एकमेकांचे हात धरून येतात, आणि म्हणूनच घाण्याची सुरुवात आणि अखेर एका क्षणात ठरत नाही. तिथे माणूस लागतो. भांड्यात एकदा गाळून निघालेला अर्क २०-२५ टक्क्यांच्या घरात असतो. तो दुसऱ्यांदा गाळताना पहिली धार बाजूला, मधली, सत्तर टक्क्यांच्या आगेमागे उतरणारी, पिंपासाठी, आणि ओल्या कुत्र्याचा, शिळ्या तेलाचा वास येऊ लागला की शेवटची पुन्हा बाजूला. या तीन भागांच्या सीमारेषा कोठे ओढल्या यावर व्हिस्कीचा अर्धा स्वभाव ठरून जातो. कोणी मधला भाग लोभाने लांबवतो, त्याच्या प्याल्यात शेवटची तेलकट जडता येते. कोणी तो फार आखूड ठेवतो, त्याची व्हिस्की स्वच्छ होते, परंतु बोलत नाही.

येथे शब्दाची एक अडचण आहे. दारूच्या संदर्भात ‘स्मूद’ याला आपल्याकडे रूढ शब्दच नाही. मऊ म्हणावे तर भात आठवतो, मुलायम म्हणावे तर पैठणी; सौम्य हा शब्द मी वापरतो आहे खरा, पण तो वैद्याच्या चिठ्ठीतला वाटतो. परमिट रूममध्ये बसलेला मराठी माणूस प्रशंसेने म्हणतो तो शब्द ‘कडक’. दारू लागली पाहिजे, घशात जाळ झाला पाहिजे, डोळे मिटून एक क्षण तोंड वाकडे केले पाहिजे, तर पैसे वसूल. ज्या भाषेला पहिली धार हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र वाटते तिला सौम्यतेसाठी शब्द सुचू नये यात नवल नाही. ही केवळ रुचीची गोष्ट असती तर मी ती येथेच सोडून दिली असती. पण आपल्या जिभेला ही सवय कशी लागली याचा माग काढू लागले की तो आबकारीच्या दफ्तरापाशी जाऊन थांबतो.

कुलाबा-ठाणे मुलखात मोहाचे झाड हे आदिवासीचे अर्धे घर. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले गळतात, आणि कातकरी-ठाकरांच्या बायका-मुले ती उजाडण्यापूर्वी वेचतात. उन्हात वाळवली की त्यांना मनुकांसारखा रंग आणि चव येते, आणि दुष्काळी दिवसांत ती पोटालाही आधार होतात. त्यांच्यात साखर भरपूर; आंबवून गाळली की दारू. इंग्रजी अंमल बसला तेव्हा ही गोष्ट महसुलाच्या दृष्टीने पाहण्यात आली आणि गावोगावच्या लहान भट्ट्यांचा मक्ता दिला जाऊ लागला. पुढे १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला. आबकारी खात्याचे आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांच्या कारकिर्दीत विखुरलेल्या भट्ट्या मोडून मोठ्या, पहाऱ्याखालच्या भट्ट्यांत गाळप एकवटण्याचे आणि दारूच्या तीव्रतेप्रमाणे गॅलनामागे कर घेण्याचे धोरण रेटले गेले. मुंबईला पुरवठा होई तो उरणच्या, बव्हंशी पारशांच्या मालकीच्या भट्ट्यांतून, आणि तेथे मोह येई तो गुजरातेतून आणि दूरदूरच्या मुलखांतून, म्हणजे इकडच्या रानातला मोह ज्याच्या अंगणात गळे त्याला तो गाळण्याची मनाई, आणि परमुलखातला मोह गाडीत बसून उरणास जाणार! पुढे १८९२ चा मोहासंबंधीचा खास कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्यात फुलांचा साठा व विक्रीदेखील निर्बंधाखाली आली. झाडाखाली गळलेले फूल उचलणे हा संशयाचा विषय झाला. हे निर्बंध या ना त्या रूपाने इतके चिवट ठरले की राज्य शासनाने ते सैल केले ते २०२१ मध्ये.

त्या काळी सरकारमान्य मोहाची दारू ठरावीक तीव्रतेची असे, आणि तीव्रता मोजण्याचे माप होते ‘प्रूफ’. प्रूफ म्हणजे साधारण ५७ टक्के मद्यार्क. त्याहून २५ अंश खाली म्हणजे ४२.८ टक्के. आज भारतात बनलेल्या नेहमीच्या व्हिस्कीची वा रमची बाटली हाती घेऊन लेबल वाचा, बहुधा ४२.८ हाच आकडा दिसेल. आबकारीच्या कारकुनाने ठरवलेली ती तीव्रता आपण आजही पितो, आणि तिला चव समजतो.

मोठी, पहाऱ्याखालची भट्टी चांगली दारू करूच शकत नाही असे मला म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते लहान भट्टीबद्दल, जी यानंतर मेली नाही, रानात गेली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, तेव्हा तर तिला उजेडात येण्याची आशाही उरली नाही. आणि परवान्याखेरीज गाळणे आजही गुन्हाच आहे, हे कोणाच्या डोक्यात प्रयोगाचे वारे शिरत असेल तर त्याने ध्यानी घ्यावे. रानात गेलेल्या भट्टीला कोणत्या गोष्टी परवडत नाहीत याची यादी करू लागलो की सौम्यतेचा प्रत्येक उपाय त्या यादीत एकेक करून येऊन बसतो.

पहिली गोष्ट तांबे. व्हिस्कीचे भांडे तांब्याचे का, तर किण्वातून निघणारी गंधकयुक्त द्रव्ये, ज्यांना सडलेल्या भाजीचा, जळलेल्या रबराचा वास असतो, वाफ तांब्यावरून घासत गेली की त्याच्याशी संयोग पावून मागे राहतात. भांड्याची मान जितकी उंच आणि आच जितकी मंद, तितका वाफेचा तांब्याशी सहवास अधिक. तिच्यातला जड भाग मानेशीच थंडावून पुन्हा खाली ओघळतो, हा झाला काकांचा रिफ्लक्स. याची किंमत तांबे आपल्या अंगाने देते. भांड्याचा पत्रा वर्षानुवर्षे झिजत जातो आणि ठिगळे लावावी लागतात. आता ज्याचे भांडे कोणत्याही पहाटे धाड घालून कुऱ्हाडीने फोडले जाणार आहे, तो तांब्याचे भांडे कशाला करील? तो करतो पत्र्याच्या डब्यात, अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात, त्यावर पाण्याचे थंड भांडे ठेवून, सांध्याला माती लिंपून.

दुसरी गोष्ट वेळ. मंद आचेवर गाळायचे म्हणजे रात्रभर जाळ आणि दिवस उजाडला की धूर. आणि धूर म्हणजे खबर. म्हणून जाळ मोठा, घाई मोठी, जे उतरेल ते डब्यात. पहिली धार बाजूला काढणे म्हणजे तर धंद्याला हातानेच सुरुंग लावणे, कारण तीच सर्वांत तीव्र आणि तिलाच गिऱ्हाईक. आंबवणही पुरते होऊ दिले जात नाही. काळ्या गुळात नवसागर टाकून ते रेटले जाते. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘गावठी दारू तयार करण्याचे रसायन’ असा शब्द येतो, आणि तो वाचताना धाटावच्या फाटकावरच्या पाट्या माझ्या डोळ्यांपुढे येतात.

तिसरी गोष्ट मुरणे. हा आपला शब्द फार चांगला आहे; लोणचे मुरते, माणूस मुरतो, पाणीसुद्धा कुठेतरी मुरते. पण चोरट्या भट्टीवाल्याने दारू मुरत ठेवायची म्हणजे स्वतःविरुद्धचा मुद्देमाल मुरत ठेवायचा.

तेव्हा गावठी दारू जहाल असते ती गाळणाऱ्याला अक्कल नाही म्हणून, हा पांढरपेशांचा समज मला मान्य नाही. तिच्यातला जाळ बराचसा घाईचा आहे, आणि घाई भीतीची आहे. यावर कोणी स्कॉटलंडचे उदाहरण काढून माझे तोंड बंद करू पाहील, आणि उदाहरण खरोखर विलक्षण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या सरकारने सखल प्रदेशातल्या परवानाधारक भट्ट्यांवर भांड्याच्या आकारमानाप्रमाणे वार्षिक कर बसवला. झाले! भांडे भरले काय आणि रिकामे काय, कर तोच; मग कारखानदारांनी भांडी उथळ आणि पसरट केली, खाली प्रचंड जाळ लावला आणि एकेक घाणा काही मिनिटांत उतरवू लागले. कायदेशीर व्हिस्की अशी करपट, उग्र झाली की लोक डोंगराळ भागातल्या चोरट्या भट्टीची मागू लागले, कारण तो चोर आपल्या निर्जन खोऱ्यात निवांत बसून लहान भांड्यात हळूहळू गाळत होता. राजा चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिंबरोला आला तेव्हा त्याने ग्लेनलिव्हेटची जी व्हिस्की आवडीने घेतली तीही बेकायदा. पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, कायदा बदलून कर भांड्याऐवजी निघालेल्या मद्यावर आला आणि परवाना स्वस्त झाला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला, आणि शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांच्या रोषामुळे त्याला पिस्तुले बाळगावी लागली. म्हणजे तिकडे चोराची दारू सौम्य आणि सावाची उग्र, इकडे उलटे. पण हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध नाही. ज्याला वेळ, त्याची दारू चांगली. तिकडे वेळ चोराजवळ होता एवढेच. कर कशावर बसतो याने घशातला जाळ ठरतो, हे महसूल खात्याच्या कोणत्याही अहवालात कोणी लिहिणार नाही.

एका गोष्टीचा मात्र खुलासा येथे केलाच पाहिजे, कारण तिच्याबद्दल गैरसमज जीवघेणा आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी ‘पहिली धार न काढल्यामुळे विष झाले’ असे सांगणारे भेटतात. ते खरे नाही. अशी कांडे घडवणारे मिथेनॉल भट्टीत तयार होत नाही, कारखान्यांसाठी बनवलेले बाहेरून आणून मिसळले जाते. ते चवीला, वासाला मद्यार्कासारखेच, किंबहुना सौम्यच. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि आधी दृष्टी जाते. घशाला न लागणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे. काकांना हे सांगायची गरज नव्हती. मिथेनॉलचे पिंप कसे हाताळतात ते त्यांनी मला हाताच्या खुणांनी दाखवले आणि बशी बाजूला सरकवली.

उजेडात राहिलेल्या भट्टीची गोष्ट पाहायची तर गोव्यात जावे. तिथे काजूच्या बोंडांचा रस, नीरो, आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, आणि पुन्हा गाळला की फेणी. हे शब्द कोकणी घरात भाजी-आमटीसारखे बोलले जातात, आणि मार्च-एप्रिलात उर्राक कोणाकडची चांगली उतरली यावर आंब्याइतक्याच गंभीरपणे वाद होतात. भट्टीवाला धार बाटलीत घेऊन हलवतो आणि वर उठणारे मणी किती वेळ टिकतात ते पाहतो. तीव्रता जसजशी घटते तसतसा त्या मण्यांचा आकार व टिकाव बदलतो. फेणी हे नाव फेनावरून आले म्हणतात ते याच फेसाकडे पाहून. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्याने तिला रानात हाकलले नाही, म्हणून तिच्या करणाऱ्यांजवळ पारख उरली. आणि इकडे, उरणच्या पारशी भट्ट्यांची आठवण व्हावी असा योगायोग म्हणजे, पालघर जिल्ह्यात डहाणूला चिनॉय या पारशी कुटुंबाची साऊथ सीज ही डिस्टिलरी आहे. अनेक वर्षे इतरांसाठी माल्टचा अर्क गाळल्यावर त्यांनी २०२४ मध्ये ‘सिक्स ब्रदर्स’ नावाने मोहाची दारू उजळ माथ्याने बाजारात आणली, आणि स्वतःची सिंगल माल्टही. कातकऱ्याच्या डब्यातला मोह महागड्या बाटलीत गेला. कातकरी अर्थात बाटलीबाहेरच आहे.

मुरण्याच्या बाबतीत आपल्या हवेचा वाटा मोठा आहे. स्कॉटलंडात व्हिस्की म्हणवून घ्यायला ओकच्या, ७०० लिटरांपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात किमान ३ वर्षे काढावी लागतात. पिंपाची आतली बाजू भाजलेली असते. त्या कोळशात उरलेसुरले गंधक शोषले जाते, लाकडातल्या शर्करेचा करपलेला गोडवा आणि व्हॅनिलाची छटा द्रवात उतरते, आणि लाकडाच्या रंध्रांतून हळूहळू आत येणारी हवा उग्र द्रव्यांना निवळत नेते. याच रंध्रांतून काही मद्य बाहेरही उडते. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि तो वर्षाला सुमारे २ टक्के. बंगळुरूच्या उष्ण हवेत तोच १० ते १२ टक्के. म्हणजे पाच वर्षांत शंभर लिटरांतले पंचावन्नाच्या आतबाहेर हाती लागतात. १९४८ मध्ये बंगळुरूला राधाकृष्ण जगदाळे यांनी अमृत डिस्टिलरी काढली. (जगदाळे हे आडनाव ऐकून कोणाही मराठी माणसाचे कान टवकारावेत.) त्यांचे पुत्र नीलकंठराव यांनी या उष्णतेपुढे हात टेकले नाहीत. ऑगस्ट २००४ मध्ये त्यांची सिंगल माल्ट बाजारात उतरली ती बंगळुरूत नव्हे, खुद्द ग्लासगोत; हे म्हणजे नाशिकला जाऊन परक्याने चिवडा विकण्यासारखे. पुढे देशी व स्कॉटिश जव मिसळून केलेल्या त्यांच्या ‘फ्यूजन’ला एका नामांकित इंग्रज पारख्याने २०१० च्या आपल्या ग्रंथात जगात तिसरे स्थान दिले. आठ-दहा वर्षे मुरवलेल्या आणि जवळजवळ रिकाम्या झालेल्या पिंपांतून त्यांनी जी व्हिस्की काढली तिचे नाव ‘ग्रीडी एंजल्स’, हावरे देवदूत. महसूल खात्यालाही हे नाव शोभले असते.

लहान घाणा करणारे पुष्कळजण वेळ वाचवायला लहान पिंप घेतात, कारण लहान पिंपात द्रवाच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग अधिक. रंग लवकर चढतो, तुरटपणाही लवकर चढतो. पण हवेशी होणारी ती संथ देवाणघेवाण काही त्या प्रमाणात धावत नाही, आणि हाती येते ती सुताराच्या दुकानाची चव. त्याच्या उलट टोकाला आपल्या बाजारातली बहुसंख्य व्हिस्की. ती साखर कारखान्यांच्या मळीपासून उंच स्तंभांत ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेल्या मद्यार्काची असते, जिला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तीही सौम्य असते. तिच्यातले चांगले-वाईट सगळेच काढून टाकलेले असते, म्हणून. घरातली सारी माणसे बाहेर काढल्यावर जी शांतता होते तिला सलोखा म्हणत नाहीत, तशी ती सौम्यता.

पाण्याचा भाग राहिला. पिंपातले मद्य बाटलीत जाण्यापूर्वी त्यात पाणी घालून ते ४० ते ४६ टक्क्यांवर आणतात, आणि जाणते लोक हे एकदम न करता दिवसादिवसाने, थोडे थोडे करतात, कारण पाणी आणि मद्यार्क एकमेकांना भेटले की नुसते शेजारी राहत नाहीत. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव्ह याने १८६५ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला होता. पन्नास मिलिलिटर शुद्ध मद्यार्क आणि पन्नास मिलिलिटर पाणी एकत्र केले तर शंभर होत नाहीत, ९६-९७ होतात. रेणू एकमेकांच्या मोकळ्या जागांत शिरून बसतात, आणि भांडे कोमट लागते. काकांच्या कारखान्यात हा प्रकार त्यांना एका तरुण केमिस्टने मोजनळीत करून दाखवला होता, आणि तीन मिलिलिटर कोठे गेले यावर दुसऱ्या पाळीभर चर्चा चालली होती. चोरी झाली असाच बहुमताचा कौल होता.

काका स्वतः घेत नाहीत. तरुणपणी घेत, पण रोह्याचे सुपुत्र पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय चळवळीचे वारे किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत आणि मग गावोगावी शिरले, त्यात घरातल्या थोरल्यांपाठोपाठ तेही सुटले. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरी मात्र वेगळे झाले, आणि त्याबद्दल ते फारसे बोलले नाहीत. एवढेच म्हणाले की त्या गावातल्या बायका गावची दारूविक्री बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’च्या मतदानाला निघाल्या तेव्हा ती सर्वांत पुढे होती. सौम्य दारूच्या बाजूने लिहिताना माझ्या मनात ही बाई सारखी उभी होती. जी घशाला लागत नाही ती अधिक जाते, हा तिचा आक्षेप असता, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

भोंगा झाला. फाटकातून दुसऱ्या पाळीची माणसे डबे हलवीत आत आणि पहिलीची बाहेर येऊ लागली. काकांना कोलाडची गाडी धरायची होती. उठता उठता त्यांनी विचारले, “ते तुमचे स्कॉटलंडवाले पहिल्या धारेचं करतात काय? ओतून देतात?”

मी सांगितले की नाही. पहिली आणि शेवटची, दोन्ही एकत्र साठवून पुढच्या घाण्यात पुन्हा भांड्यात टाकतात.

“मग आमच्यासारखंच की,” ते म्हणाले, आणि चहाचे पैसे मला देऊ न देता रस्ता ओलांडून गेले.